निखळलेला खांदा आणि माझा चुकलेला सल्ला

डिसेंबरातल्या एका संध्याकाळी ताईचा फोन आला. "खांदा उतरला रे त्याचा. मैदानावरच. आम्ही हॉस्पिटलात आहोत, ये." आमच्या बडोद्याच्या मराठी घरांत खांदा 'उतरतो'. गुजरातीतल्या 'खभो ऊतरी गयो'चा हा परिणाम. बाकीच्या मराठीत तो निखळतो. शब्द कुठलाही असो, भाच्याचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि डावा हात त्याने उजव्या हाताने असा धरून ठेवला होता, की जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे.

भाचा सतरा वर्षांचा, अकरावीत. कबड्डी खेळतो. डाव्या कोपऱ्यात उभा राहतो आणि चढाईला आलेल्याचा घोटा पकडतो. त्या दिवशी सराव चालू असताना साखळी केली होती. शेजारच्याचा हात याच्या हातात, आणि समोरचा गडी दोघांच्या मधून फोडून निघाला. हात मागे आणि वर ओढला गेला, अंगाचा भार पुढे, आणि 'कट्' असा आवाज.

डॉक्टरांनी गुंगी देऊन पाच मिनिटांत खांदा बसवला. हात गळ्यातल्या झोळीत अडकवला. तीन आठवडे झोळी, मग फिजिओथेरपी, आणि शेवटचं वाक्य त्यांनी ताईकडे बघून सांगितलं, "पुन्हा खेळायला उतरण्याआधी मला दाखवायचं." हे वाक्य मीही ऐकलं होतं. मुद्दाम लिहितो, कारण पुढे जे झालं त्यात त्या डॉक्टरांची काही चूक नाही.

घरी आल्यावर भाच्याने विचारलं, "मामा, फेब्रुवारीत निवड चाचणी आहे. होईल ना बरा?"

आणि मी तज्ज्ञ झालो. कारण माझाही खांदा निखळला होता. २०१० साली, बीईच्या शेवटच्या वर्षात, पोलो ग्राउंडवर झेल घ्यायला उडी मारली तेव्हा. आठ-नऊ महिन्यांनी पुन्हा एकदा. त्यानंतर आजतागायत काही नाही. ना ऑपरेशन, ना फिजिओ. "अरे, काही होत नाही," मी म्हणालो. "माझा दोनदा निघाला होता. आपोआप घट्ट होतो. दंडाचे व्यायाम कर, झालं."

आमच्या धंद्यात एक जुना विनोद आहे. ग्राहकाकडे प्रोग्रॅम बंद पडतो आणि तो लिहिणारा म्हणतो, "माझ्या मशीनवर तर चालतंय." मी स्वतः किती जणांना यावरून झापलंय. आणि सख्ख्या भाच्याला मी नेमकं तेच सांगितलं.

उत्तरायणाला आम्ही सगळे ताईच्या गच्चीवर होतो. झोळी निघाली होती. भाचा पतंगात पटाईत. एक पेच लागला, त्याने ढील दिली आणि मग खेचायला हात डोक्यावरून मागे नेला. मध्येच थांबला. काही बोलला नाही. दोर माझ्या हातात दिला आणि स्वतः फिरकी धरून उभा राहिला. मला वाटलं, कंटाळला असेल. पुढे कळलं, की या थांबण्याला वैद्यकशास्त्रात नाव आहे. डॉक्टर तपासताना हात बाजूला उचलून मागे वळवतात आणि रुग्णाचा चेहरा बघतात. 'आता निघणार' ही भीती चेहऱ्यावर दिसली, की समजायचं, खांदा अस्थिर आहे. ती तपासणी माझ्या डोळ्यांसमोर, गच्चीवर, आपोआप झाली होती आणि मी पतंग बघत होतो.

फेब्रुवारीत, चाचणीच्या आधीच्या आठवड्यात, सरावात खांदा पुन्हा निखळला. मार्चमध्ये तिसऱ्यांदा, आणि तोही रिक्षाच्या मागच्या सीटवरची बॅग घ्यायला हात वळवला एवढ्यावरच. डॉक्टरांना दाखवायचं राहूनच गेलं होतं. ताई मला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं वाटलं असतं.

मग मी रात्री जागून वाचायला लागलो. डॉक्टर व्हायला नाही. आपण काय चुकलो ते बघायला.

आधी सांध्याची रचना. खुब्याचा सांधा उखळासारखा असतो, मांडीच्या हाडाचा गोळा खोल खोबणीत बसलेला. खांदा तसा नाही. दंडाच्या हाडाचा गोळा मोठा आणि त्याच्या मानाने खोबण अगदी लहान, उथळ. बशीत लिंबू ठेवावं तसं. म्हणून तर हात चहूकडे फिरतो, आणि म्हणूनच अंगातल्या मोठ्या सांध्यांमध्ये सगळ्यात जास्त निखळतो तो खांदाच. लिंबू बशीतून घरंगळू नये म्हणून बशीच्या काठाला कूर्चेची एक कडी असते. तिला लॅब्रम म्हणतात. आपल्याकडे घागरीखाली चुंबळ ठेवायचे, तशी ती. शिवाय पुढून-मागून अस्थिबंध आणि सभोवती स्नायू.

हात वर आणि मागे असताना धक्का बसला, की गोळा पुढच्या बाजूने बाहेर पडतो आणि जाताना चुंबळीचा पुढचा-खालचा भाग हाडापासून उखडतो. लंडनचे सर्जन ब्लंडेल बँकार्ट यांनी १९२३ साली ठामपणे मांडलं, की खांदा वारंवार निखळण्याचं मूळ इथे आहे आणि ती उखडलेली कड परत हाडाला शिवली पाहिजे. त्या जखमेला आणि त्या शस्त्रक्रियेला आजही त्यांचंच नाव आहे. आता ती दुर्बिणीतून करतात. दोन-तीन लहान छिद्रं, हाडात रोवलेले बारीक अँकर आणि त्यांना बांधलेले दोरे.

निखळलेला सांधा बसवणं ही मात्र फार जुनी विद्या. सुश्रुतसंहितेत खांदा निखळला तर काखेत मुसळ घालून वर उचलायला सांगितलंय आणि जागेवर आला की स्वस्तिकाच्या आकाराचा बंध बांधायला. आमच्या बडोद्यात तर जुम्मादादा व्यायाममंदिराचे राजरत्न प्रो. माणिकराव हाडं बसवण्यात नावाजलेले होते. माझ्या आजोबांचा लहानपणी निखळलेला कोपर तिथेच बसवला होता, असं ते अभिमानाने सांगायचे. बसवण्याची अडचण नव्हतीच कधी. प्रश्न आहे तो बसवल्यानंतर पुढच्या पाच वर्षांत काय होणार हा.

याचं उत्तर शोधायला कुणीतरी चिकाटीने वर्षानुवर्षं रुग्णांच्या मागे राहायला हवं. स्वीडनमध्ये लेनार्ट होवेलियस नावाच्या सर्जननी ते केलं. १९७८-७९ मध्ये तिथल्या २७ रुग्णालयांत पहिल्यांदाच खांदा निखळून आलेले १२ ते ४० वयाचे २५५ रुग्ण त्यांनी नोंदवले, आणि दोन, पाच, दहा करत थेट पंचवीस वर्षांपर्यंत त्यांचा माग ठेवला. मी एका सॉफ्टवेअरचे दोन वर्षांपूर्वीचे लॉग शोधताना रडकुंडीला येतो. असो.

त्यातून दोन गोष्टी निघाल्या. एक, हात तीन-चार आठवडे बांधून ठेवला काय किंवा लवकर मोकळा केला काय, पुन्हा निखळण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. म्हणजे झोळी दुखणं कमी करते, पण उखडलेली चुंबळ परत चिकटवत नाही. जपानमध्ये एइजी इटोई यांनी हात पोटाशी न बांधता बाहेरच्या बाजूला वळवून बांधला तर फायदा होतो असं दाखवलं होतं, पण नंतर इतरांच्या अभ्यासांत तो तितका टिकला नाही.

दुसरी गोष्ट वाचली आणि मी खुर्चीत मागे टेकलो. १२ ते २५ या वयात पहिल्यांदा निखळलेल्या आणि ऑपरेशन न केलेल्या खांद्यांपैकी पंचवीस वर्षांनंतर साधारण निम्मे असे होते, की जे पुन्हा निखळलेच नाहीत किंवा एक-दोनदा निखळून काळाच्या ओघात आपोआप स्थिर झाले.

मी त्या निम्म्यांतला. माझ्या दंडाच्या व्यायामांचं त्यात काही कर्तृत्व नव्हतं. आणि उरलेल्या निम्म्यांबद्दल मी भाच्याला काही सांगितलंच नाही, कारण मला ते माहीत नव्हते. माझा अनुभव खरा होता, पण तो एकाचा होता. (त्याच स्वीडिश अभ्यासात असंही दिसलं, की एकदाच निखळलेल्या काही खांद्यांतही पंचवीस वर्षांनी झीज झालेली असते. माझा खांदा सकाळी शर्ट घालताना करकरतो, त्याकडे मी आता जरा आदराने बघतो.)

शिवाय ही निम्मी-निम्मी वाटणी सगळ्यांना सारखी लागू नाही. एडिंबरोच्या एका पाहणीत १५ ते ३५ वयाच्या २५२ जणांना पहिल्या निखळण्यानंतर तपासत राहिले. पाच वर्षांत दोन तृतीयांश लोकांचा खांदा पुन्हा अस्थिर झाला, आणि सगळ्यात जास्त धोका कोवळ्या वयाच्या मुलग्यांना. सतरा वर्षं, मुलगा, कबड्डी. मी बावीसचा होतो, रविवारी क्रिकेट खेळायचो आणि वर्षभरात नोकरी लागून संगणकासमोर बसलो. माझ्या खांद्याला पुन्हा निखळायची संधीच कुठे मिळाली!

एव्हाना ताई एका ऑर्थोपेडिक सर्जनकडे जाऊन आली होती. त्यांनी एमआरआय बघून सांगितलं, "लॅब्रम फाटलंय. दुर्बिणीतून शिवून टाकू. यश नव्वद टक्के." ताईला हायसं वाटलं. नव्वद टक्के म्हणजे बारावीला चांगला कॉलेज मिळतो.

मला मात्र एक जुना शोधनिबंध डोळ्यांपुढून हलत नव्हता. अमेरिकेतले स्टीफन बर्कहार्ट आणि केपटाउनचे जो डी बीअर यांनी २००० साली आपल्याच १९४ शस्त्रक्रियांचा हिशेब मांडला. सगळ्या दुर्बिणीतून केलेल्या, बँकार्ट पद्धतीच्या. त्यांपैकी २१ खांदे पुन्हा अस्थिर झाले. म्हणजे अपयश जेमतेम अकरा टक्के, यश जवळपास नव्वद. इथेच थांबले असते तर कुणी काही म्हटलं नसतं.

पण त्यांनी त्या २१ जणांकडे नीट बघितलं. ज्यांच्या खांद्याच्या हाडात मोठी झीज नव्हती, त्यांच्यात अपयश फक्त ४ टक्के. ज्यांच्या खोबणीची कड बरीच फुटली होती किंवा गोळ्याला मोठा खळगा पडला होता, त्यांच्यात ६७ टक्के! त्या १९४ जणांमध्ये अंगाला अंग भिडणारे खेळ खेळणारे १०१ होते, बहुतेक दक्षिण आफ्रिकेचे रग्बीपटू. त्यांच्यात हाड शाबूत असलेल्यांचं अपयश ६.५ टक्के. हाड झिजलेल्यांचं ८९.

नव्वद टक्के यश आणि नव्वद टक्के अपयश, एकच शस्त्रक्रिया, तेच सर्जन. सरासरीने दोन्ही गट एका पोत्यात भरले होते, म्हणून दिसत नव्हतं.

कारण साधं आहे. चुंबळ फाटली तर शिवता येते. बशीचीच कड फुटली तर चुंबळ शिवून लिंबू थांबत नाही. निरोगी खोबण नासपतीसारखी दिसते, वर निमुळती आणि खाली रुंद. पुढची-खालची कड झिजली की ती उलट्या नासपतीसारखी दिसू लागते, आणि त्या दोघांनी तिला तेच नाव दिलं. दुसऱ्या बाजूला गोळा बाहेर पडताना त्याची मागची बाजू खोबणीच्या काठावर आदळते आणि तिथे खळगा पडतो. १९४० मध्ये हिल आणि सॅक्स या दोन रेडिओलॉजिस्टनी त्याचं वर्णन केलं, म्हणून तो हिल-सॅक्स. हात एका विशिष्ट कोनात फिरला की हा खळगा फुटक्या काठावर नेमका अडकतो आणि गोळा पलीकडे उतरतो. रिक्षातली बॅग घेताना तसंच झालं असणार. पुढे जपानी संशोधकांनी गोळा खोबणीवरून ज्या पट्ट्यातून फिरतो तो मोजायची रीत काढली. खळगा त्या पट्ट्याच्या आत असेल तर ठीक, बाहेर गेला तर धोका. मला हे वाचताना फार आनंद झाला, कारण हे सरळसरळ भूमितीचं गणित आहे. आनंद झाल्याची लाजही वाटली.

आणि यातलं सगळ्यात बोचणारं वाक्य प्रत्येक पुस्तकात आहे. प्रत्येक वेळी खांदा निखळला, की हाड आणखी थोडं झिजतं. डिसेंबरातल्या पहिल्या वेळेनंतर भाच्याच्या खोबणीची कड किती शाबूत होती, ते आता कधीच कळणार नाही. पुढचे दोन घाव माझ्या "काही होत नाही"च्या खात्यावर आहेत.

दुसरं मत घ्यायला मीच ताईला आणि भाऊजींना घेऊन गेलो. हे सर्जन फक्त खांद्याचंच काम करतात. मी फाइल काढून बर्कहार्टचं नाव घेणार एवढ्यात त्यांनी हाताने थांबवलं आणि भाच्याला विचारलं, "वय किती? जिल्ह्याकडून खेळतोस? कोणता खेळ?" मग कागदावर आकडे मांडले. फ्रान्समध्ये बाल्ग आणि बुआलो यांनी २००७ मध्ये १३१ रुग्णांवरून दहा गुणांची एक मोजणी तयार केली होती. ऑपरेशनच्या वेळी वय वीस किंवा कमी, दोन गुण. स्पर्धात्मक खेळ, दोन. अंगाला अंग भिडणारा किंवा हात जोरात डोक्यावर न्यायचा खेळ, एक. सांधे जन्मतः सैल, एक. एक्स-रेमध्ये गोळ्यावरचा खळगा दिसणं, दोन. खोबणीची कड गेलेली दिसणं, दोन. बेरीज सहापेक्षा जास्त झाली, तर नुसत्या शिवण्यानंतर पुन्हा निखळण्याची शक्यता त्यांच्या रुग्णांत ७० टक्के होती. सहा किंवा कमी असेल तर १० टक्के. नंतरच्या सगळ्या अभ्यासांत ही मोजणी इतकी चोख ठरलेली नाही, हेही त्यांनीच सांगितलं. "पण आपण कशाबद्दल बोलतोय, ते हिने कळतं."

भाच्याचे पाच गुण तर एक्स-रे काढायच्या आधीच झाले होते.

हात बाहेर वळवून काढलेल्या एक्स-रेत खळगा स्पष्ट दिसला. सात. मग सीटी स्कॅन, ज्यात दंडाचं हाड संगणकावर बाजूला काढून नुसती खोबण समोरून बघता येते. झीज साधारण १८ टक्के. जुन्या हिशेबाने वीस-पंचवीस टक्के ही धोक्याची रेषा. अलीकडच्या अभ्यासांनी ती खाली आणली आहे, आणि कबड्डीपटूसाठी १८ काही लहान नाही. आधीच्या एमआरआयमध्ये चुंबळ नीट दिसली होती, पण हाड मोजलेलं नव्हतं.

"याला नुसतं शिवणार नाही मी," ते म्हणाले. "लातार्जे करू."

हे नाव मिशेल लातार्जे या फ्रेंच सर्जनचं. लिऑनचे. १९५४ साली त्यांनी ही पद्धत मांडली. खांद्याच्या पुढच्या बाजूला, गळपट्टीच्या हाडाखाली बोटाने चाचपलं तर एक टोक लागतं, कोराकॉइड. ते हाडाचं टोक त्याला चिकटलेल्या स्नायूंसकट कापायचं आणि खोबणीच्या फुटलेल्या कडेला दोन स्क्रूंनी बसवायचं. बशीचा कठडा परत तयार होतो. आणि खरी गंमत पुढे आहे. टोकाबरोबर आलेले स्नायू आता सांध्याच्या पुढून जातात, आणि हात वर-मागे गेला, की, म्हणजे नेमका धोक्याच्या क्षणी, ते झोळीसारखे ताणून गोळ्याला मागे धरतात.

ताईचा चेहरा उतरला. "अहो, धड असलेलं हाड कापून दुसरीकडे लावायचं? एक मोडकं असताना दोन करायची?"

डॉक्टर हसले नाहीत. जवळून मोठ्या नसा जातात, क्वचित हाड नीट जुळत नाही, स्क्रू त्रास देऊ शकतो, आणि दुर्बिणीच्या शिवणीपेक्षा हे मोठं ऑपरेशन आहे, हे सगळं त्यांनी सांगितलं. मग म्हणाले, "ताई, तुमचा मुलगा बुद्धिबळ खेळत असता तर आपण वेगळं बोललो असतो." भाऊजी एवढा वेळ गप्प होते. त्यांनी एकच विचारलं, "कबड्डी सोडली तर?" भाच्याने मान वर केली नाही. डॉक्टर म्हणाले, "तर व्यायामावर थांबून बघता येईल. पण बॅग उचलतानाही निघतोय तो." त्या खोलीत मग बराच वेळ पंख्याचाच आवाज येत होता. रात्री भाऊजींनी मला फोन करून सांगितलं, करू या म्हणाव.

इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माझा लेख वाचून कुणी उद्याच ऑपरेशनची तारीख घेईल. खांद्याच्या एमआरआयमध्ये 'टिअर' हा शब्द दिसला की शिवायलाच हवं, असं नाही. आमच्या ऑफिसातल्या चाळिशीच्या एका मित्राला बॅडमिंटनमुळे 'स्लॅप टिअर' निघाली, म्हणजे चुंबळीची वरची बाजू. तो ऑपरेशनला निघालाच होता. नॉर्वेत अशाच ११८ रुग्णांवर एक धाडसी प्रयोग झाला आणि २०१७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. काहींची चुंबळ शिवली, काहींच्या दंडाच्या बेटकुळीच्या स्नायूचं टोक दुसरीकडे बांधलं, आणि तिसऱ्या गटात दुर्बीण घालून पाहिलं, पण दुरुस्त काहीच केलं नाही. कुणाचं काय झालं ते रुग्णांना ठाऊक नव्हतं. दोन वर्षांनी तिन्ही गट सारखेच. ते बहुतेक मध्यमवयीन रुग्ण होते, व्यावसायिक खेळाडू नव्हेत, आणि त्यांचा खांदा निखळत नव्हता, फक्त दुखत होता. म्हणजे माझ्या मित्रासारखेच. तो सहा महिने फिजिओकडे गेला आणि आता पुन्हा बॅडमिंटन खेळतो. दुखणारा खांदा आणि निखळणारा खांदा ही दोन वेगळी दुखणी आहेत, पण रिपोर्टमधला शब्द तोच असतो.

ऑपरेशन एप्रिलच्या शेवटी, परीक्षा संपल्यावर झालं. शुद्धीवर आल्यावर भाच्याचा पहिला प्रश्न, "किती दिवस?" मी त्याला श्रेयस अय्यरची गोष्ट सांगितली. २३ मार्च २०२१, पुण्याजवळचं गहुंजे, इंग्लंडविरुद्धचा एकदिवसीय सामना. चेंडू अडवायला अय्यरने झेप घेतली आणि डावा खांदा गेला. एप्रिलमध्ये शस्त्रक्रिया. आयपीएलचा पहिला टप्पा हुकला, दिल्लीचं कर्णधारपद त्या मोसमात ऋषभ पंतकडे गेलं. सप्टेंबरात तो परत मैदानावर आला आणि नोव्हेंबरात कानपूरला पहिल्याच कसोटीत शतक. "म्हणजे पाच महिने," भाचा म्हणाला. मुलं गोष्टीतून आपल्याला हवा तोच आकडा उचलतात. मीही उचलला होता.

त्याच्यामागे फिजिओ, आहारतज्ज्ञ, ट्रेनर यांची फौज होती. आमच्याकडे एक फिजिओथेरपिस्ट बाई आहेत, आठवड्यातून दोन दिवस, आणि उरलेले पाच दिवस मी. पहिला महिना झोळी. मग हात हळूहळू उचलणं, दोरी-कप्पीने. मग रबरी पट्ट्या. मग पाठीवरच्या पंखासारख्या हाडाचे व्यायाम, कारण खोबण त्या हाडाचाच भाग आहे, आणि तेच डगमगत असेल तर नवा कठडा काय करणार? चौथ्या महिन्यात तो ढसाढसा रडला. दुखत होतं म्हणून नाही. त्याच्या जागी डाव्या कोपऱ्यात दुसरा मुलगा उभा राहिला होता आणि बरा खेळत होता.

नवरात्र आलं. बडोद्यात नवरात्रात घरात बसवणं ही शिक्षा आहे. फिजिओ बाईंनी गरब्याला परवानगी दिली, दांडियाला नाही.

सहा महिने झाले तेव्हा तो सकाळीच किट घेऊन माझ्या दारात उभा. पण डॉक्टरांचं म्हणणं असं, की दिनदर्शिका खांद्याला विचारून छापलेली नसते. तारीख नव्हे, मोजमाप. सीटीत हाड जुळलेलं दिसलं पाहिजे. हात दोन्ही बाजूंना सारखा फिरला पाहिजे. छोट्या यंत्राने दोन्ही खांद्यांची ताकद मोजायची आणि डावा उजव्याच्या निदान नव्वद टक्के भरला पाहिजे. आणि गच्चीवर जी भीती दिसली होती, ती हात मागे नेल्यावर चेहऱ्यावर दिसता कामा नये. हाड जुळलं होतं. भीती नव्हती. ताकद ८१ टक्के.

तो माझ्याशी दोन दिवस बोलला नाही, जणू यंत्र मीच बनवलं होतं.

त्याच्या प्रशिक्षकांशी मी एकदा बोललो. भला माणूस. मी त्यांना नॉर्वेच्या हँडबॉल संघांबद्दल सांगितलं. तिथे ४५ संघांतल्या ६६० खेळाडूंवर अभ्यास झाला. निम्म्या संघांनी सरावाआधीच्या तयारीत आठवड्यातून तीनदा दहा मिनिटं खांद्याचे, पाठीचे ठरावीक व्यायाम केले, बाकीच्यांनी नेहमीप्रमाणे. पूर्ण मोसमात व्यायाम करणाऱ्या संघांत खांद्याच्या तक्रारींचा धोका २८ टक्क्यांनी कमी होता. "ते अतिवापराचं दुखणं आहे, साखळीत हात ओढला गेला तर दहा मिनिटांचे व्यायाम वाचवतीलच असं नाही," हेही मी सांगितलं. आता मी अर्धवट सांगत नाही. प्रशिक्षक म्हणाले, "दहा मिनिटं देतो. पण पट्ट्या कोण आणणार?" बावीस मुलांसाठी रबरी पट्ट्या मी आणि भाऊजींनी मिळून आणल्या. किती मुलं वापरतात ते विचारू नका. पण एक बदल मात्र झाला. कुणाचाही खांदा 'उतरला', की प्रशिक्षक आता पालकांना सांगतात, पहिल्याच वेळी तज्ज्ञाकडे जा आणि हाड मोजून घ्यायचं का, ते विचारा.

गेल्या मंगळवारी पुन्हा मोजलं. ८८. डॉक्टरांनी पळणं, पायाचे डाव, एकट्याने चढाईचा सराव, सगळं सुरू करायला सांगितलं. पकड अजून नाही, साखळी तर नाहीच. भाचा या वेळी चिडला नाही. जिन्यात मला म्हणाला, "मामा, तुझा उजवा खांदा मोजला असता तर किती आला असता?"

मी म्हटलं, मोजू या की. दुसऱ्या दिवशी फिजिओ बाईंनी माझेही दोन्ही खांदे मोजले. माझा निखळलेला खांदा दुसऱ्याच्या ७९ टक्के भरला. भाच्याने तो आकडा मोबाइलवर घेतला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. आता सकाळी साडेसहाला पट्टी घेऊन तो माझ्या दारात येतो. आधी माझे वीस, मग त्याचे.